आवाज मोजावा कसा व राखावा कसा?

आमच्या मावशींस जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या व मंगळागौरीचीं गाणीं मिळून शंभरांवर पदें तोंडपाठ होतीं. त्यांपैकीं पुष्कळ कोठेंहि छापलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. सासूकडून सुनेकडे व आईकडून लेकीकडे अशीं तीं घरांतल्या घरांत चालत आलेलीं. मावशींस मूलबाळ नव्हतें. तेव्हां हें भांडार त्यांच्याबरोबरच जाणार हें आम्हांस कैक वर्षें दिसत होतें, आणि तरीहि आज करूं, उद्यां करूं म्हणतां म्हणतां त्यांस एक्याण्णवावें वर्ष लागलें. शेवटीं एका श्रावणांत आम्हीं आमच्या नातवाकडून ध्वनिमुद्रणाचें साहित्य मागून घेतलें: एक माईक, संगणकास जोडावयाची एक लहानशी पेटी, आणि त्या पेटीवर एक फिरतें बटण. मंगळवार पेठेंतील आमच्या घरीं चार दुपारी बसून आम्हीं मावशींचें गाणें उतरवून घेतलें. आरंभीं त्यांनीं विचारिलें, “हळू म्हणूं का रे? तुझ्या ह्या डबीला माझा गळा सोसेल ना?” आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों, “मावशी, तूं खुशाल मोकळ्या गळ्यानें म्हण. यंत्राला काय होतंय?”

पेटीवर एक तांबडा दिवा मधून मधून लुकलुकत होता. यंत्र उत्साहानें काम करीत असल्याची ती खूण असावी, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली. संगणकाच्या पडद्यावर एक सरकती पट्टी होती. तिला फेडर म्हणतात, इतकें नातवानें सांगितलें होतें. आवाज फार मोठा वाटला म्हणून ती आम्हीं खालीं ओढिली आणि आपण योग्य ती खबरदारी घेतली अशा समाधानांत राहिलों.

गेल्या चैत्रांत मावशी वारल्या. तेराव्या दिवशीं घरचीं सारीं माणसें जमलीं असतां आम्हीं तें मुद्रण लाविलें. खालच्या स्वरांत ठीक चाललें होतें. पण ओवी वर चढली कीं आवाज फाटे. जुनें लुगडें टरकावें तसा. मावशींचा गळा म्हातारपणीं थरथरे, पण फाटका कधींच नव्हता. दोन ओव्या झाल्यावर आमच्या सूनबाईनें उठून तें यंत्र बंद केलें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी येथेंच कोल्हापुरांत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करितो. त्याच्याकडे तें मुद्रण घेऊन गेलों. त्यानें तें पडद्यावर पसरून दाखविलें. आवाजाच्या लाटा डोंगरांसारख्या दिसतात; आमच्या लाटांचे माथे मात्र पन्हाळ्याच्या पठारासारखे एका रेषेंत सपाट कापलेले होते. आम्ही म्हणालों, “अरे, पण फेडर तर आम्हीं खालीं ओढला होता.” त्यावर तो म्हणाला, “सर, फेडर खाली ओढून काय उपयोग न्हाई. दूध आधीच उतू गेलंय. आता भांडं गॅसवरनं उतरलं म्हणून सांडलेलं परत येतंय व्हय?”

ह्या उत्तरांत सारें शास्त्र आलें. पण तें नीट उमगावयास आम्हांस दोन महिने त्याच्या खोलींत खेटे घालावे लागले. आज घरोघरीं हातांत ध्वनिमुद्रक आहे, आणि घरोघरीं एखादी मावशी किंवा आजोबा आहेत. म्हणून आम्हांस जें उशिरां कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम डेसिबेल ह्या शब्दाकडे वळूं. ‘डेसि’ हा लॅटिनमधील दहाचा वाचक. आपल्या ‘दशन्’चा तो सख्खा भाऊ. ‘बेल’ म्हणजे महादेवास वाहतात तो नव्हे, तर टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) ह्याच्या नांवावरून घेतलेलें माप. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या इंजिनियरांस तारेंतून जातां जातां आवाज किती क्षीण होतो हें मोजावयाचें होतें. त्यासाठीं हें माप निघालें. बेल हें माप व्यवहारास फार मोठें पडे, म्हणून त्याचा दशमांश रूढ झाला, तो डेसिबेल.

आतां असें विचित्र माप कशास हवें? आवाज म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. तो साध्या आंकड्यांनीं सांगतां येणार नाहीं काय? येईल, पण आंकडे हातांत मावणार नाहींत. कानास जेमतेम ऐकूं येईल अशा आवाजानें हवेच्या दाबांत जो फरक पडतो तो वातावरणाच्या एकंदर दाबाच्या सुमारें पांच अब्जावा अंश असतो. कान दुखूं लागेल अशा आवाजाचा दाब त्याच्या दहा लक्ष पट. परमेश्वरानें एकाच इंद्रियांत रत्तीची तराजू आणि वखारीचा काटा असे दोन्ही बसविले आहेत! शिवाय कान हा बेरजेनें चालत नाहीं, गुणाकारानें चालतो. एका टाळेस दुसरा टाळ मिळाला तर फरक कळतो. शंभर टाळांत एक वाढला तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

गुणाकाराची बेरीज करून देणारी युक्ति ज्यांनीं जुन्या मॅट्रिकला लॉगची कोष्टकें उलटलीं आहेत त्यांस ठाऊक आहेच. नेपियरनें १६१४ सालीं ती जगापुढें मांडिली. आम्हांस तीं कोष्टकें त्या वेळीं शत्रूवत् वाटत. आतां त्यांचा उपयोग कळला. दोहोंचा लॉग ०.३०१०, हें आम्हांस अद्यापि पाठ आहे. शक्ति दुप्पट झाली तर ह्याची दहापट, म्हणजे ३ डेसिबेल वाढले. परंतु माईकमधून येणारा विद्युद्दाब दुप्पट झाला तर शक्ति वर्गाच्या प्रमाणांत म्हणजे चौपट होते. म्हणून तेथें दहांऐवजीं विसांनीं गुणावयाचें, आणि ६ डेसिबेल वाढले असें म्हणावयाचें. दाब दहापट म्हणजे २० डेसिबेल, शंभरपट म्हणजे ४०, हजारपट म्हणजे ६०. एवढें ध्यानांत ठेविलें कीं पुढील व्यवहार तोंडीं करितां येतो. कानास मात्र आवाज ‘दुप्पट मोठा’ असा वाटण्यास सुमारें १० डेसिबेल वाढावे लागतात, ही गोष्ट निराळी.

येथें एक सूक्ष्म मुद्दा आहे, आणि आमचा सारा घोटाळा तेथेंच झाला होता. डेसिबेल हें गुणोत्तर आहे. व्याकरणांत ज्यास संबंधिशब्द म्हणतात त्या जातीचें. ‘पुत्र’ म्हटलें कीं ‘कोणाचा?’ ही आकांक्षा राहते. ‘साठ डेसिबेल’ म्हटलें कीं ‘कशाच्या मानानें?’ हें विचारलेंच पाहिजे. हवेंतील आवाजाचें शून्य म्हणजे कानास ऐकूं येण्याची खालची सीमा. तेथून वर मोजीत गेलें कीं कुजबुज ३० च्या आसपास, साधें बोलणें ६० च्या आसपास, आणि सव्वाशेंच्या घरांत कानास वेदना. परंतु ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांत पाहावें तों सारे आंकडे ऋण: उणे ६, उणे १८, उणे ४०, आणि शून्य सर्वांच्या वर! आम्हांस वाटलें, शून्य म्हणजे शांतता असावी. जितकें शून्याजवळ जावें तितकें सौम्य.

ज्यांनीं कोल्हापुरांत पावसाळे काढिले आहेत त्यांस ही उलटी मोजणी चटकन् समजेल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेच्या पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. जुलै लागला कीं आपण नदीच्या तळापासून पाणी किती हें विचारीत नाहीं. ‘धोक्याला अजून किती कमी आहे?’ हें विचारितों. पाणी ३९ वर असेल तर धोक्यापासून उणे चार. धोक्याची रेषा हेंच शून्य. संगणकाच्या मुद्रणांत तसेंच आहे. शून्य ही कमाल मर्यादा, आणि सारे आंकडे तिच्या खालीं किती जागा उरली आहे हें सांगतात. भेद इतकाच कीं नदी ४३ ओलांडून पुढें जाऊं शकते. २०१९ च्या ऑगस्टांत तिनें ५५ फूटहि ओलांडले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. यंत्रास शून्याच्या पलीकडे पाऊल टाकतांच येत नाहीं.

तें कां, हें सांगतों. माईकमधून येणारी लाट अखंड असते. यंत्र तिची उंची ठराविक काळानें मोजून आंकड्यांत टिपतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीसाठीं सेकंदास ४४,१०० वेळां, चलच्चित्राच्या कामीं बहुधा ४८,००० वेळां. सोळा बिटांच्या मुद्रणांत हा आंकडा वर ३२,७६७ पर्यंत व खालीं उणे ३२,७६८ पर्यंतच जाऊं शकतो. मावशींचा षड्ज वर चढून लाटेची उंची समजा पन्नास हजार होऊं लागली, तर यंत्राजवळ तो आंकडाच नाहीं. तें निमूटपणें ३२,७६७ लिहितें, पुन्हां ३२,७६७, पुन्हां तेंच. लाटेचा गोल माथा सपाट होतो. ह्यास धंद्यांतील लोक ‘क्लिप होणें’ म्हणतात. सपाट माथ्याच्या कंगोऱ्यांतून मूळ गळ्यांत नसलेले कर्कश स्वर उपजतात, आणि तेंच तें लुगडें टरकावें तसें ऐकूं येतें. तो तांबडा दिवा नेमकें हेंच ओरडून सांगत होता.

आतां गेन व फेडर ह्यांतील भेद. माईकमधून निघणारा विद्युद्दाब अत्यंत दुर्बळ असतो. आंकडे पाडण्यापूर्वीं त्यास शंभरपट, कधीं हजारपट वाढवावें लागतें. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणें ४० ते ६० डेसिबेल. हें काम पेटीवरील फिरत्या बटणाचें, तोच गेन. हा दरवाजावरचा पहारेकरी होय. फेडर बसतो आंत, माजघरांत. आंकडे पडून गेल्यावर त्यांस तो सारखेच लहान किंवा मोठे करितो. शून्याच्या खुणेवर ठेविला तर जसें आलें तसें पुढें जातें. उणे ६ वर आणिला तर प्रत्येक आंकडा निम्मा. उणे २० वर एकदशांश. कापलेला डोंगर निम्मा केला तर लहान पण कापलेलाच डोंगर मिळणार. आम्हीं माजघरांत कडी घातली, आणि चोर ओटीवरूनच ऐवज घेऊन गेला होता.

फेडरवरील खुणा वाचकांनीं नीट पाहाव्या. शून्य हें पट्टीच्या टोकाशीं नसून वरून सुमारें पाव अंतरावर असतें. त्याच्या वर थोडी वाढ, बहुधा ६ किंवा १० डेसिबेलची. शून्याजवळच्या खुणा ऐसपैस व खालच्या दाटीवाटीनें असतात, कारण बारीक फेरफार शून्याच्या आसपासच करावयाचे असतात. अगदीं तळाशीं आडवा पडलेला आठ असतो. तो आठ नव्हे, अनंताचें चिन्ह आहे. उणे अनंत म्हणजे पूर्ण मौन. लॉगच्या कोष्टकांत शून्याचा लॉग कां नसतो ह्याचें उत्तर आमच्या गणिताच्या मास्तरांनीं दिलें नव्हतें, तें आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं एका पट्टीच्या तळाशीं सांपडलें.

येथें कोणी म्हणेल, मग गेन अगदीं कमी ठेवावा म्हणजे झालें. तसेंहि नाहीं. फार कमी ठेविला आणि मागाहून फेडरनें वाढविला तर आवाजाबरोबर यंत्राची स्वतःची सूक्ष्म सरसरहि वाढते. परंतु आजच्या यंत्रांत ही भीति पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. सोळा बिटांत सर्वांत मोठा व सर्वांत लहान आंकडा ह्यांतील अंतर सुमारें ९६ डेसिबेल. चोवीस बिटांत सुमारें १४४. इतकी प्रशस्त जागा असतां शून्याला डोकें टेकवून बसण्याचें कारण काय? आमच्या विद्यार्थ्याचा शिरस्ता असा कीं चोवीस बिट निवडावे, साधा आवाज उणे १८ च्या आसपास राहावा, आणि अत्यंत चढा स्वरहि उणे ६ च्या वर जाऊं नये. अलीकडे ३२ बिट फ्लोट म्हणून एक पद्धति निघाली आहे. तिच्या यंत्रांत शून्याच्या वरचा आवाजहि मागाहून खालीं आणतां येतो. मात्र माईकच आवाजाच्या भारानें वांकला तर तेथें तीहि निरुपाय.

ही विद्या कोल्हापुरास नवी नाहीं, हें ह्या निमित्तानें सांगावेंसें वाटतें. १९२९ सालीं येथें स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठींतील पहिला बोलपट ह्याच गांवांत तयार केला. गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे त्यांत होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. गाणें नटानें अभिनय करतां करतांच गावयाचें व तें त्याच क्षणीं टिपावयाचें. आवाजाचें काम विष्णुपंत दामले पाहत. समोर रंगभूमीवर बिनमाईकनें शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचविण्याची संवय लागलेले गायक नट, आणि हातांत नाजुक यंत्र! आवाज चढला तर फिल्मवरील रेषा मर्यादेबाहेर जाणार, आणि साराच प्रसंग पुन्हां. त्याहिपूर्वीं, १९२५ सालापर्यंत, तबकड्यांसाठीं गाणें कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. तेथें तर बटणहि नाहीं. वर चढावयाचें असेल तर गवयानें मागें सरावें, खालच्या स्वरांस पुढें यावें. मान हाच गेन! आणि ज्यांच्यामुळें कोल्हापूरचें नांव गायनांत अजरामर झालें त्या अल्लादियाखांसाहेबांचा स्वतःचा आवाज कोणत्याहि मुद्रणांत उरलेला नाहीं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी मात्र १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेली. हें आठवलें कीं आमच्या बेफिकिरीची आम्हांस अधिकच लाज वाटते.

अंतराचा नियम आजहि तोच आहे. मोकळ्या जागेंत माईकपासूनचें अंतर निम्मे केलें कीं सुमारें ६ डेसिबेल वाढतात. म्हणून म्हातारें माणूस बसवावयाचें तें माईकपासून एक वीत अंतरावर, माईक तोंडासमोर नव्हे तर किंचित् बाजूस, म्हणजे ‘प’ ‘फ’ ‘भ’ चा झोत थेट आदळत नाहीं. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत मान हलविणारा व आवाज क्षीण असलेला हे दोघेहि आहेत; माईकपुढें ह्या दोघांचा त्रास आम्हीं पुरता अनुभविला. पंखा बंद करावा. शीतकपाट बंद करावें (आणि मागाहून सुरू करण्यास विसरूं नये, आमचें दोन शेर दूध नासलें). मुख्य म्हणजे आधीं चांचणी घ्यावी, आणि ती ‘एक, दोन, तीन’ म्हणवून नव्हे. चांचणीच्या वेळीं माणूस संकोचानें हळू बोलतो. रंगांत आल्यावर तोच दहा डेसिबेलनें वर जातो. त्यास त्याचें सर्वांत आवडतें, सर्वांत चढें पद म्हणावयास सांगावें व त्यावर बटण बेतावें. तांबडा दिवा एकदां जरी लागला तरी बटण मागें फिरवून तें पद पुन्हां म्हणवावें. संकोच करूं नये.

जातां जातां रस्त्यावरील आवाजाविषयीं दोन शब्द. विसर्जनाच्या मिरवणुकींत ज्या भिंतीस आपले लोक ‘डॉल्बी’ म्हणतात तिच्यापुढें हें सारें नाजुक गणित व्यर्थ आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबेल ही मर्यादा. ८५ डेसिबेलच्या आवाजांत आठ तास, आणि पुढें प्रत्येक ३ डेसिबेलस मुदत निम्मी, असा कानाच्या रक्षणाचा एक प्रसिद्ध हिशेब आहे. तेणेंप्रमाणें १०० डेसिबेलपुढें पाव तासच उरतो. ३ डेसिबेल म्हणजे शक्ति दुप्पट, हें वर आलेंच आहे. नातवंडांस हा हिशेब आम्हीं मांडून दाखविला. त्यांनीं कानांत कापूस घातला व मिरवणुकीस गेलीं. असो.

मावशींच्या मुद्रणाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. कापलेले माथे अंदाजानें पुन्हां गोल करणाऱ्या युक्त्या निघाल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्यानें एक महिना खपून त्या करून पाहिल्या. थोडें कापलें होतें तेथें गुण आला. फार कापलें होतें तेथें आवाज मऊ झाला, पण तो मावशींचा राहिला नाहीं. तेव्हां तें आम्हीं पुसून टाकविलें. शब्द ऐकूं येत होते, ते सारे वहींत उतरून घेतले आहेत. चाली आमच्या धाकट्या बहिणीस जितक्या आठवतात तितक्या तिच्याकडून म्हणवून घेत आहों. चौथ्या दुपारीं मावशी थकल्या होत्या व भिंतीस टेकून, माईकपासून दूर, आपल्याशींच गुणगुणत होत्या. त्या वेळीं यंत्र चालू आहे हें आम्हां दोघांसहि भान नव्हतें. तेवढीं अकरा मिनिटें शाबूत आहेत. तेथें कांटा उणे ९ च्या वर कोठेंहि गेलेला नाहीं.

पुढच्या आदितवारीं गल्लींतील एका वयोवृद्ध बाईंकडे हळदीचीं गाणीं घ्यावयास जावयाचें आहे. पेटी नातवानें आम्हांसच दिली आहे. तिच्या बटणाशेजारीं आमच्या बहिणीनें कुंकवानें एक खूण करून ठेविली आहे.